उसन्या पोरांची चिंधी

विद्या हा राष्ट्राचा पाया आहे, आणि ज्या दिवशी खेड्यातलं शेवटचं लेकरू पाटीवर 'श्री' गिरवील, त्या दिवशी या भूमीवर नवा सूर्य उगवल्यावाचून राहणार नाही. आमच्या गावच्या शाळेत हा पाया रोज सकाळी आठ-दहा कोंबड्या उकरत असत, आणि सूर्य कधी उगवायचा ते कडूबाईचा कोंबडा ठरवीत असे.

केजहून तेलगावकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर हे गाव. राज्य निजामसरकारचं. शाळा भरायची पाटलांच्या जुन्या कडब्याच्या गोठ्यात. कडबा संपला तरी जमिनीच्या भेगांत ज्वारीचे चुकार दाणे राहून गेले होते, त्यामुळे पोरांच्या आधी कोंबड्या हजर असत, आणि पोरांपेक्षा जास्त मन लावून काम करीत. त्यातली तुळजाबाईची चितरी कोंबडी तर मास्तरांच्या बसायच्या पोत्यामागं, भिंतीच्या खाचेत, एक दिवसाआड अंडं घालायची. मास्तरांचं नाव उत्तरेश्वर. गळ्यात लिंग बांधलेला माणूस, अंड्याला हात लावायचा नाही आणि अंड्याकडं पाठ करूनही बसायचं नाही, असा पेच. म्हणून कोंबडी खाचेतून ओरडत उठली, की मास्तर पाढे थांबवीत आणि तुळजाबाईच्या पोरीला हाक मारीत. ती यायची, अंडं परकराच्या ओच्यात घ्यायची आणि घरी जायची.

ही पोरगी म्हणजे शिवकन्या. गावातल्या शाळेतली एकुलती एक मुलगी, आणि ती शाळेत आली ती अशी अंड्यापायी. कोंबडी कधी लवकर उठायची, कधी उशिरा. म्हणून हाक यायच्या आधीच ही दाराशी येऊन बसून राही. बसल्या बसल्या मुळाक्षरं झाली. बाराखडी झाली. मास्तरांनी एक दिवस सहज विचारलं तर तिला पंधराचा पाढा येत होता. त्यांनी तिचं नाव घातलं. घरात कळेपर्यंत पोरगी दुसरीत गेली होती.

घरात कळलं ते तिच्या आज्याला. सुंदरराव हा शब्दाचा पक्का माणूस, कारण दुसरं पक्कं असं त्यांच्याजवळ फार काही उरलं नव्हतं. नातीसाठी त्यांनी तेलगावला एक ठिकाण बघून ठेवलं होतं. मुलगा विशीच्या पुढचा, घरी विहीर, बैलजोडी. शिवकन्या तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. म्हणजे त्या वेळच्या मानानं उशीरच होत चालला होता. पण एकदा चावडीत चार माणसं बसली असताना पाटलांनी शाळेची बढाई मारली, आणि सुंदररावांना गप्प बसवेना. ते म्हणाले, "आमची शिवकन्या शाळा हाय तवर शिकनार. शाळा बंद झाली की मंग लगीन. हा आपला शब्द."

शब्द देताना त्यांचा हिशेब साधा होता. यापूर्वीचे तीन मास्तर दिवाळीच्या आत पळाले होते. हाही पळेल. पण उत्तरेश्वर मास्तरांना पळायला दुसरीकडं जागा नव्हती. ते राहिले. शाळाही राहिली. सुंदरराव रोज सकाळी शेळ्या घेऊन गोठ्यावरून जाताना आत डोकावत, पाढे ऐकत, आणि तोंड वाकडं करून पुढं जात.

शिवकन्येचा बाप गहिनीनाथ. तो बापासमोर बोलत नसे, आणि बापाच्या माघारी त्याला बोलायचं काही सुचत नसे. राहिली तिची आई, तुळजाबाई. तिला शाळेत काय शिकवतात याच्याशी काही घेणं नव्हतं. शाळा उघडी असल्याशी घेणं होतं.

*

साहेब येणार ही बातमी गावाला नेहमी कोंबड्यांवरून कळायची. कुणी अंमलदार दौऱ्यावर निघाला, की त्याच्या जेवणासाठी येसकर घरोघर कोंबडी मागत फिरे. त्यामुळे येसकर वेशीजवळ दिसताच परसातल्या कोंबड्या डालग्याखाली जात आणि गाव एकदम शांत होई. त्या हिवाळ्यात असंच झालं. शेजारच्या कडूबाईनं आपला कोंबडा धान्याच्या रिकाम्या कणगीत टाकून वरून सूप झाकलं आणि ती तुळजाबाईच्या परसात येऊन बसली. तिथं भिवराबाई आधीच आलेली होती.

भिवराबाई नदीपलीकडच्या वस्तीवरची. तिच्या पदरात अंडी होती. तिच्याकडं त्या वेळी खुडूक कोंबडी नव्हती, आणि तुळजाबाईची एक तांबडी नुकतीच खुडूक होऊन बसली होती. बायकांत रीत अशी, की अंडी तुझी, ऊब माझी, पिल्लं निम्मी निम्मी. बटईनं शेत करतात तशा कोंबड्या करायच्या. तुळजाबाई टोपलीत भुसा पसरत होती. कडेला एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा ठेवला होता, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून.

"येसकर आलता कोंबडा मागाया," कडूबाई सांगत होती. "म्हनलं, मेला कोंबडा. तर म्हनतो, मंग पहाटं आरवतंय कोन? म्हनलं, आमचे मालक. जाय, त्यांनाच घेऊन जाय."

"आन मालक काय म्हनले?"

"ते काय म्हनतेत. हुते तितंच, चिलीम वढीत."

भिवराबाईनं हसत हसत अंडी एकेक करून टोपलीत ठेवली. "कोन साहेब हाय यंदा?"

"शाळंचा. बीडहून येनार. त्याला मोहतमीम म्हनतेत. पोरांचा इम्तिहान घेनार म्हनं."

"म्हंजी काय करतेत?"

कडूबाईला हे माहीत नव्हतं, पण माहीत नाही म्हणून तिनं आजवर कुणाला तसंच पाठवलेलं नव्हतं. "तू अंडं दिव्यापुढं धरून बगतीस का न्हाई? आत जीव हाय का नुसतं पानी? तसंच."

"पोरान्ला दिव्यापुढं धरतेत?"

"साहेबापुढं धरतेत."

"आन पानी निगालं तर?"

"आता तुज्या माज्यात काय निगालं असतं गं? तरी नांदलोच की."

तुळजाबाई मात्र हसली नाही. ती खिळा बोटांत फिरवीत होती. मग म्हणाली, "पोरं पंचवीस भरली न्हाईत तर साहेब शाळा बंद करनार. मास्तर सांगत हुते. मास्तरला दुसऱ्या गावाला धाडतेत, आन गोठ्यात परत कडबा."

"मंग भरतेत की पंचवीस. नावं तर लई हायती."

"नावं हायती, पोरं कुटं हायती? निम्मं गाव वऱ्हाडात गेलंय कापूस येचाया. लेकरं संगं गेलीत. गोठ्यात आता बारा-तेरा डोकी बसतेत." ती थांबली. "मामंजीनं कालच तेलगावला निरोप धाडलाय. म्हनले, माघात बगू."

तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली, पोटाखाली एकेक ओढून घेतलं, पिसं फुगवली. आपली कोणती, परकी कोणती, हे तिनं काही विचारलं नाही. तिघी बायका तिच्याकडं बघत राहिल्या, आणि मला वाटतं, एकाच वेळी तिघींच्याही मनात तेच आलं. बोलली मात्र कडूबाई.

"अंडी उसनी चालतेत. मंग पोरं कावून न्हाई?"

तुळजाबाईनं भिवराबाईकडं पाहिलं. वस्तीवर पोरांना तोटा नव्हता. सगळी शेळ्यांमागं असत. शाळा त्यांनी फक्त नदीच्या पलीकडून ऐकली होती.

"किती पायजेत?" भिवराबाईनं विचारलं. मिरच्या किती हव्यात असं विचारावं तसं.

"डझनभर असली तर..."

"मिळतील. माझी दोन, जावांची हायती, शेजारनींची हायती. पर सांजच्याला परत पायजेत."

"दिवा लागायच्या आत."

"आन खून बांधून देनार. बिनखुनंची म्या देनार न्हाई."

आता हे खुणेचं सांगायला हवं. सगळ्या घरच्या कोंबड्या दिवसभर एकाच उकिरड्यावर चरतात. संध्याकाळी कुणाची कोणती यावरून भांडण नको, म्हणून प्रत्येक बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून कोंबडीच्या पायाला बांधते. कडूबाईची हिरवी, तुळजाबाईची जांभळी, भिवराबाईची तांबड्या काठाची. चिंधी दिसली की मालकीण कळली. त्यावर पंचायत नाही, शपथ नाही.

"अगं, पोरं काय कोंबड्या हायती का?" कडूबाई म्हणाली. "तुझं पोरगं तुला वळखू येनार न्हाई?"

"मला येईल," भिवराबाई म्हणाली. "मानमोडीच्या तापाच्या साली सगळी रानात पळाली हुती. माझी चार तवाच गेली. कोन कुटं ऱ्हायलं, कुनी मातीत घातलं, काय कळलं न्हाई. दोन ऱ्हायलीत आता. त्यांच्या पायाला माझी चिंधी असंल. तुमाला चालत असंल तर घ्या."

"चालतंय," तुळजाबाई पटकन म्हणाली. त्यावर कडूबाईही काही बोलली नाही, आणि कडूबाई काही बोलली नाही असे प्रसंग गावाच्या स्मरणात फार नाहीत.

*

पुढचे काही दिवस शिवकन्या वस्तीवर जाऊन पोरं तयार करीत होती. वऱ्हाडात गेलेल्या पोरांची नावं यांना वाटून दिली. "तू आजपून भारत. तू बन्सी. नाव घेतलं की म्हनायचं, हाजर. दोनाचा पाढा म्हन." पोरं शेळ्या राखता राखता दोनाचा पाढा म्हणू लागली. शेळ्यांनाही तो बराचसा पाठ झाला असणार.

मास्तरांचा प्रश्न निराळा होता. ते खोटं बोलत नसत. तुळजाबाईनं निरोप धाडला तेव्हा ते बराच वेळ छताकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मी नावं वाचणार. 'हाजर' आलं की टीक करणार. कोण बोललं हे बघायला मान वळवावी लागते, आणि हिवाळ्यात माझी मान धरते." एवढी तडजोड करून त्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

तपासणीच्या सकाळी वस्तीवरची पोरं नदी ओलांडून आली. पायांत वहाणा नव्हत्या, पण प्रत्येकाच्या उजव्या पायाला, घोट्याच्या वर, चिंधी होती. तांबड्या काठाच्या, पिवळ्या, निळ्या, ठिपक्यांच्या. आया वेशीपर्यंत आल्या होत्या. भिवराबाई तर गोठ्याच्या भिंतीपर्यंत आली आणि तिथंच बसली. तुळजाबाईनं वेणी घालताना शिवकन्येच्या पायाकडं पाहिलं. हातात जांभळ्या लुगड्याची पट्टी होती, काल कोंबडीसाठी फाडलेली.

"मला कावून गं?" शिवकन्या पाय मागं घेत म्हणाली. "मी तं हितलीच हाय."

तुळजाबाईनं पट्टी कमरेला खोचली. "व्हय. हितलीच हायीस," ती म्हणाली. पोरीला सासरी धाडताना हळद लावतात, ओटी भरतात, सगळं करतात. संध्याकाळी परत पाठवा, असं सांगायची खूण मात्र कुणी बांधून देत नाही. तिला स्वतःलाही कुणी दिली नव्हती.

*

मोहतमीमसाहेब तट्टावरून आले. वय झालेला माणूस, शेरवानी, रुमी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बरोबर एक चपराशी. त्याची नजर आल्या आल्या उकिरड्यावर गेली आणि तिथं एकही कोंबडी नाही हे बघून खट्टू झाली. साहेबांसाठी खुर्ची नव्हती, म्हणून पाटलांनी बाज आणवली. बाजेवर बसणारा माणूस कितीही मोठा अंमलदार असला तरी मध्ये खचतो आणि गुडघे वर येतात. तशा बैठकीत त्यांनी काम सुरू केलं.

सुंदरराव दाराशी उकिडवे बसले होते. त्यांनी त्या दिवशी शेळ्या सोडल्या नव्हत्या. शब्द सुटायचा तर आपल्यासमोर सुटावा, अशी त्यांची इच्छा होती.

मास्तरांनी छताकडं बघत नावं वाचली. गोठ्यातून "हाजर, हाजर" आलं. मोजणी पंचवीसला पोचली. भिंतीबाहेर बायकांनी श्वास सोडला तो आत ऐकू आला.

"ठीक," साहेब म्हणाले. त्यांची मराठी चांगली होती, अधूनमधून उर्दू शब्द पेरलेली. "हिसाब बघू. एका टोपलीत वीस अंडी आहेत. त्यातली पाच काढली. राहिली किती?"

पहिल्या रांगेतल्या पोरानं विचार केला. "कशाला काढली?"

"काढली. समज, काढली."

"कोंबडी बसली हुती का त्याच्यावर?"

"ते कशाला?"

"बसली असंल तर हात लावायचा न्हाई, साहेब. कोंबडी टोपलीच सोडती. मंग वीसच्या वीस गेली."

चपराशी हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी पोराकडं जरा निरखून पाहिलं, मग नजर खाली, पोराच्या पायाकडं गेली. तिथून शेजारच्या पायाकडं. तिथून पुढच्या.

"तुझं नाव काय?"

"भारत."

"वडिलांचं?"

पोरगं घुटमळलं. मागं वळून शिवकन्येकडं बघितलं. मग अगदी अदबीनं म्हणालं, "कुनाच्या? माझ्या का भारतच्या?"

गोठ्यात इतकी शांतता झाली, की कडूबाईच्या घरातून, कणगीतून, सुपाखालून, मेलेल्या कोंबड्याचं आरवणं स्वच्छ ऐकू आलं. चपराशानं मान वर केली. साहेबांनी हात करून त्याला बसवलं.

"मास्तर," ते म्हणाले, "ही पायाला चिंधी काय आहे?"

मास्तर छताशी बोलले. "पायाला असते, साहेब."

साहेब बाजेवरून उठले. उठायला त्यांना वेळ लागला. रांगेतून चालत शेवटपर्यंत गेले. शेवटी शिवकन्या बसली होती. त्यांनी तिला पुस्तक दिलं. तिनं एक पान न अडखळता वाचलं. हिशेब घातला, तो तिनं पाटी न घेता केला. दाराशी सुंदरराव कान देऊन ऐकत होते, आणि कुणी बघितलं असतं तर दिसलं असतं, की नातीचं वाचन चालू असताना त्यांचे ओठ हलत होते.

"शाबास," साहेब म्हणाले. "तुझ्या पायाला चिंधी नाही?"

शिवकन्येनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनीच तिला शिकवलं होतं की वडीलधाऱ्यांनी विचारलं तर खरं सांगावं. मास्तर आता छतातला कोणता वासा बघत होते कुणास ठाऊक.

"न्हाई, साहेब. मी हितलीच हाय."

"आणि हे?"

"ही उसनी हायती."

भिंतीबाहेर तुळजाबाई खाली बसली. सुंदरराव मात्र उभे राहिले.

"बगा साहेब," ते म्हणाले, "मी कुनाचं वाईट चिंतत न्हाई. पर लबाडीची हाजरी म्हंजी शाळा बंदच की. कायदा हाय."

"कायदा आहे," साहेब म्हणाले. त्यांनी परत बाजेवर बसून भारत झालेल्या पोराला जवळ बोलावलं, गुडघ्यावर त्याचा पाय घेतला, आणि चिंधीची गाठ सोडली. तांबडा काठ बोटांत घोळवला. "ही कुणी बांधली?"

भिवराबाई भिंतीआडून पुढं आली. पदर डोक्यावर ओढलेला, पण पाय ठाम. "म्या बांधली. माझं पोरगं हाय. परत न्यायचंय."

"कोंबडीला बांधतात तशी."

"व्हय, तशीच."

साहेब बोलले ते कुणाला उद्देशून हे नीट कळलं नाही. "बीडला आमच्या घरीसुद्धा मुर्ग्या होत्या. अंगणात चार घरांच्या एकत्र चरायच्या. अम्मा जुन्या ओढणीची पट्टी बांधायची. मी हैदराबादेला शिकायला निघालो तेव्हा तिनं माझ्या मनगटाला बांधली. मी म्हटलं, अम्मा, सगळे काळा धागा बांधतात. ती म्हणाली, तो नजर लागू नये म्हणून. ही संध्याकाळी परत यावंस म्हणून." त्यांनी चष्मा काढला, पुसला. दोऱ्याची काडी पुन्हा कानावर अडकवायला जरा खटपट झाली. "नोकरी लागली. संध्याकाळ काही जमली नाही."

साहेबांनी दौत मागितली.

"खोटी नावं लिहिली तर गुन्हा. ती मी खोडतो. पण ही पोरं डोळ्यांसमोर बसलेली आहेत, दोनाचा पाढा म्हणतायत, आणि टोपलीला हात लावू नये हे त्यांना कळतं. ही खऱ्या नावांनी लिहिता येतील. मात्र एका शर्तीवर. ती रोज आली पाहिजेत. एक दिवसाची पोरं मी लिहिणार नाही." ते भिवराबाईकडं वळले. "धाडाल रोज?"

आता शाळा भिवराबाईच्या तोंडाकडं बघत होती. भिवराबाई जमिनीकडं.

"रोज कसं जमंल, साहेब? शेळ्या कोन राखील? शेळ्या हायती म्हनून आमी हाव."

मास्तरांची मान त्या दिवशी पहिल्यांदा खाली आली. सुंदरराव घसा खाकरून परत उकिडवे बसले. त्यांना घाई नव्हती आता.

तेव्हा भिंतीआडून तुळजाबाईचा आवाज आला. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यासमोर, तेही चार पुरुषमाणसांत, तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. तिनं भिंतच मध्ये ठेवली आणि ती बोलली.

"भिवराबाई, शेळ्या आमच्या शेळ्यांत सोड."

"तुमच्या कोन राखतंय?"

"मामंजी राखतेत."

सुंदररावांनी भिंतीकडं पाहिलं. भिंतीला काही विचारता येत नाही.

"सकाळी पोरं आनून सोडतील शेळ्या," भिंत म्हणाली. "मामंजी रानात नेतील. सांजच्याला पोरं घेऊन जातील. दिवा लागायच्या आत. मामंजी शब्दाचे पक्के हायती. शाळा हाय तवर, असं सगळ्या गावाम्होरं बोललेत. शाळा ऱ्हावी म्हनून एवडं ते करनारच."

साहेबांनी सुंदररावांकडं पाहिलं. पाटलांनी पाहिलं. चपराशानं पाहिलं. भारत झालेल्या पोरानं पाहिलं आणि विचारलं, "आज्या, आमचा एक बोकड लई मारतो. तुमी भ्याल का?"

"मी भेतो व्हय बे?" सुंदरराव गरजले. मग त्यांना कळलं की आपण उत्तर देऊन बसलो. ते नातीकडं बघत राहिले. शिवकन्या पुस्तक मिटायचं विसरली होती. बोट अजून त्याच ओळीवर होतं. त्यांचा आवाज उतरला. "शेळ्या त्या शेळ्या. दहा काय आन चाळीस काय. राखीन की. साहेब, लिवा तुमी."

"तेलगावला काय सांगायचं?" पाटलांनी हळूच खवचटपणा केला.

"सांगतो की. पोरगी शिकतीय म्हनून." थोडं थांबून म्हणाले, "त्येनला घाई असंल तर त्येनी बगावं दुसरीकडं."

साहेबांनी लिहायला घेतलं. उसनी पोरं एकेक उठून खरं नाव सांगू लागली. आपलंच नाव सांगताना ती जास्त अडखळत होती, कारण सराव दुसऱ्याच नावाचा झाला होता. तुळजाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. कमरेची जांभळी पट्टी तिनं काढली, बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. एक वर्ष मिळालं होतं. पुढच्या हिवाळ्यात साहेब परत येणार, परत मोजणार. कोंबडीसुद्धा एका वेळी एकाच टोपलीवर बसते. पुढच्या टोपलीचं पुढं बघते.

लिहून झालं. साहेबांनी दस्तखत केली, वाळू टाकली, आणि उभे राहिले. जायच्या आधी अंमलदारानं दोन शब्द बोलायचे असतात. ते म्हणाले, की इल्म हा असा चिराग आहे ज्याला वारा लागत नाही. की या गोठ्यातून उद्याचे मुन्शी, वकील, मुन्सिफ निघतील. की आज या गावानं फक्त शाळा नाही राखली, तर येणाऱ्या पिढ्यांची लाज राखली. बोलता बोलता त्यांनी तांबड्या काठाची ती चिंधी, जी मघापासून बोटांतच होती, घडी करून शेरवानीच्या आतल्या खिशात, छातीजवळ ठेवली. मास्तरांच्या डोळ्यांना पाणी आलं. पाटलांनी फेट्याचा शेव नीट केला. सुंदरराव हात जोडून उभे राहिले.

चपराशानं तट्टू आणलं. साहेबांनी रिकिबीत पाय ठेवला. तेवढ्यात भिवराबाई पुढं आली आणि तिनं लगामाला हात घातला.

"काय बाई?" साहेब खाली वाकले. "बोला. जे असेल ते बोला."

"काय न्हाई साहेब," ती म्हणाली. "ती चिंधी तेवढी द्या माघारी. ती माझ्या कोंबडीची सोडून आनलीय."